प्रकल्प नोंदी : पट्टी कुणाची

१० नोव्हेंबर, टिळकवाडी

समितीची सभा माडीवर झाली. चहा दोनदा, भांडण एकदा. मार्चअखेर एक मैफल करायची हे ठरलं. कलाकारांची यादीही ठरली: धारवाडचे एक ख्यालगायक (आम्ही त्यांना बुवाच म्हणतो), अथणीकडची एक गायिका जी गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात शिकली आणि जिला दिसत नाही, सौंदत्तीकडचा जोगत्यांचा (यल्लम्माला वाहिलेल्या भक्तांचा) मेळ, खानापूर तालुक्यातले सनईवाले मामा आणि तबल्यावर निपाणीची मुलगी. पेटीवर अर्थात अण्णा. बेळगावात मैफल आणि पेटी नाही, असं होत नसतं. रामभाऊ विजापुरे कागवाडचे (१९१७–२०१०), पण घडले-वाजवले इथेच. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं अजून गल्लोगल्ली सापडतात. अण्णा त्यांचे थेट शिष्य नव्हेत, पण त्यांच्या घराबाहेर सायकल लावून ऐकत उभे राहायचे, हे स्वतःच सांगतात.

भांडण झालं ते जोगत्यांवरून. एका सभासदांचं म्हणणं, "लोककलेचा वेगळा कार्यक्रम करू की, शास्त्रीयमध्ये कशाला घुसडायचं?" मी एवढंच म्हटलं की सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी देवासला आजारपणात माळव्याच्या बायकांची गाणी ऐकून त्या धुनांतून राग उभे केले, आणि आपल्या शहरातल्या रंगमंदिराला त्यांचंच नाव आहे. गृहस्थ गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे, उशीर झाला म्हणून.

देणगीदारांसाठीच्या अर्जात "सर्वसमावेशक" हा शब्द चार ठिकाणी आलाय. दोन ठिकाणचा काढला.

१९ नोव्हेंबर, सौंदत्ती रस्ता

मेळाच्या प्रमुखाला सगळे आक्का म्हणतात. जन्म मुलाचा, लहानपणी यल्लम्माला सोडलेलं, तेव्हापासून लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर भंडारा. वय साठीच्या पुढे असावं. माझ्याशी मराठीत, शेजारणीशी कानडीत, चौंडक्याशी दोन्हीत.

चौंडकं मी पहिल्यांदा हातात घेतलं. लाकडी नळकांडं, बुडाला कातडं, कातड्याच्या मधोमधून निघालेली तार वरच्या दांड्याच्या खुंटीला. नळकांडं काखेत दाबायचं, दांडा खेचत-सैल करत तार छेडायची. त्या खेचण्यातूनच स्वर वर-खाली होतो, म्हणजे वाद्य बोलतं ते काखेतून. सोबत सुती असते, ती एकच स्वर धरून राहते. तंबोरा काय वेगळं करतो?

आक्कांनी एक गाणं म्हटलं. कोमल गंधार, कोमल निषाद, उतरताना रिषभ-धैवतावर टेकणं. भीमपलासीच्या अंगाने जाणारी चाल आहे, पण मधेच एके ठिकाणी ती कुठल्याच रागाला विचारत नाही. ती जागा मी तीनदा म्हणायला लावली. चौथ्यांदा आक्का म्हणाल्या, "बाई, देवीचं गाणं हाय, पाढे न्हाईत."

तारखांचं अवघड आहे. मार्गशीर्ष पुनव ते माघी पुनव त्यांचा हंगाम. डोंगरावर गर्दी, त्यावरच वर्षाचं पोट. मधे पौषात एक दिवस येऊ म्हणाल्या. प्रवासखर्च विचारला तर हसल्या. कर्नाटकच्या शक्ती योजनेत त्यांना बस फुकट. (माझी चंदगडची मावसबहीण अशाच बसने येते, तिला पूर्ण तिकीट, कारण आधारवर महाराष्ट्र. सीमा नकाशात कमी आणि कंडक्टरच्या मशीनमध्ये जास्त दिसते.)

१७ डिसेंबर

सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. दरवर्षीप्रमाणे शहरात बंदोबस्त, दरवर्षीप्रमाणे कोल्हापूरकडच्या बसचं "आज जाईल, जाणार नाही". तंबोऱ्यांची जोडी मिरजेत जवारीला, म्हणजे तारांची गुंज साधायला, दिलेली आहे. आणायला तबल्याच्या मुलीचा भाऊ गेला आणि रेल्वेने परत आला. दोन तंबोरे घेऊन जनरल डब्यात उभं राहणं काय असतं ते त्याला विचारावं.

मिरजेत हे काम शिकलगारांच्या घराण्यांतून चालत आलं. तलवारी-बर्च्यांना धार लावणारे हात संस्थानी लढाया संपल्यावर भोपळ्याकडे वळले. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर चाचांनी जोडीसोबत निरोप धाडलाय: बाईंच्या तंबोऱ्याची जवारी जरा बंद ठेवली आहे, गाणारीला विचारून दोरा सरकवा.

विचारून म्हणजे फोनवर. अथणीच्या गायिकेने फोनवर तार ऐकली आणि सांगितलं, "ताई, पहिला जोड बरोबर आहे, खर्ज अजून झाकलेला आहे." खर्ज म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची तार. फोनच्या त्या पत्र्यासारख्या आवाजात हिला खर्जाची जवारी ऐकू आली. दोरा केसभर सरकवला. मग मलाही ऐकू आली.

९ जानेवारी

पहिली तालीम. आज लिहायला खूप आहे.

सकाळी बुवा आणि गायिका. काही अडचण नाही. तिच्यासाठी बसण्याची रचना मात्र बदलावी लागली. गवई आणि तबलजी समेवर एकमेकांकडे बघतात, भुवई उडते, मान हलते, विलंबितात तर सगळा कारभार डोळ्यांवर. इथे तो रस्ता बंद. निपाणीच्या मुलीला सुरुवातीला फार चाचपडल्यासारखं झालं, तिहाई कुठे सोडायची कळेना. गायिकाच म्हणाली, "माझा श्वास ऐक. समेच्या आधी मी घेते." त्यासाठी तबला उजवीकडून अगदी गुडघ्याजवळ घेतला. तासाभरात दोघींचं जमलं, आणि अण्णा पेटीवरून म्हणाले की डोळे मिटून वाजवायला त्यांनाही सांगायला हवं होतं कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी.

ती बसवण्णांचं वचन गाणार आहे, ज्यात ते कूडलसंगमदेवाला विनवतात की माझ्या देहाचा दांडा कर, डोक्याचा भोपळा कर, शिरांच्या तारा कर, बोटांच्या छेडायच्या काड्या कर आणि बत्तीस राग गा. बाराव्या शतकातलं वचन, आणि मांडीजवळ मिरजेहून आलेला भोपळा.

दुपारी जोगत्यांचा मेळ. अण्णांनी पेटीवर पांढरी चार ही पट्टी (ज्या सुराला सा धरून गायचं तो) दिली. बायका साधारण काळी चार-पाचला गातात, बुवा काळी एकला, आक्कांचा गळा या दोन्हींच्या मधे. सुती पेटीला जुळवली, चौंडकं जुळवलं, गाणं सुरू. पहिलं कडवं ठीक. दुसऱ्या कडव्यापासून पेटी आणि गळा यांच्यात कुरकुर. तिसऱ्याला सरळ बेसूर. पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. चौंडक्याचा तो खणखणीत झणत्कारही गेला, तार सैल पडल्यासारखी.

समितीतले ते पहिल्या सभेतले गृहस्थ कोपऱ्यातून माझ्याकडे "बघ" अशा नजरेने पाहत होते.

आक्का म्हणाल्या, "तुमची पेटी आमाला खाली ओढूलीय." अण्णांना लागलं ते. उठून गच्चीत गेले.

१० जानेवारी

अण्णांचा सकाळी सातला फोन. रात्रभर त्यांनी कालचं ध्वनिमुद्रण ऐकलंय. "ती सुटते, हे खरं. पण प्रत्येक वेळी सुटून कुठं जाते? त्याच जागी. पांढरी चार आणि काळी तीन यांच्या बरोबर मधे. तीन वेळा म्हटलं, तीन वेळा तिथंच. बेसूर माणूस रोज वेगळ्या ठिकाणी बेसूर होतो बा."

मोबाइलवरच्या ट्यूनरने पाहिलं. काट्याला काटा.

म्हणजे आक्कांचा षड्ज पक्का आहे, फक्त तो अण्णांच्या पेटीत नाही. स्केल चेंजर पेटीचा उपयोग नाही, ती एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर नेते, दोन पट्ट्यांच्या फटीत नेत नाही. तंबोरा जाईल, सनई जाणार नाही, तबला चढवता येईल.

मी सुचवलं की त्या गाण्याला पेटी नको. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांना काय वाटलं असेल याचा अंदाज आहे मला. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, कारण काय तर ती परदेशी, तिचे स्वर ठोकळेबाज, मींड निघत नाही, श्रुती नाहीत. ती बंदी १९७१ नंतर सैल झाली. तीसेक वर्षं ज्यांनी पेटी छातीशी धरून ठेवली त्या पिढीचे शिष्य-प्रशिष्य हे. त्यांना आज पुन्हा "तुमच्या वाद्यात हा स्वर नाही" असं सांगायचं, आणि तेही बेळगावात.

२४ जानेवारी, खानापूरच्या अलीकडे

सनईवाले मामा. पिढीजात वाजंत्री. लग्नात मांडवाच्या दारात उभं राहून वाजवायचं, वरात निघाली की पुढे चालायचं. समितीने मोठ्या आस्थेने ठराव केला होता की मामांना बुवांच्या शेजारी, त्याच गादीवर बसवायचं.

मामा म्हणाले, "बसून दम पुरत न्हाई ओ. पोट दाबतंय."

ठराव सुंदर होता, पण पोट मामांचं. पर्याय निघाला: सुरुवातीचा राग उभ्याने, पण मंचाच्या मध्यावर, माइक त्यांच्या उंचीला. नंतर बुवांबरोबरची जुगलबंदी उंच स्टुलावर. स्टूल कुठून आणायचं? मामांच्या सुनेने शिवणयंत्राचं दिलं.

सुराला सूर-सनई धरायला त्यांचा नातू. शाळा बुडणार नाही याची खात्री मामांनी माझ्याकडूनच घेतली, मी शिक्षिका असल्याचा फायदा.

७ फेब्रुवारी

माघी पुनव उलटली. मेळ पुन्हा आला, सगळ्यांचे डोळे झोपेने लाल. आजची तालीम पेटीशिवाय ठरली होती. तंबोरे आक्कांच्या सुतीला जुळवले. अथणीच्या गायिकेने स्वतः जुळवले, खुंट्या कुणाला फिरवू दिल्या नाहीत. चौंडकं परत खणखणलं. निपाणीच्या मुलीने आठ मात्रांचा ठेका अगदी हलका ठेवला. गाणं उभं राहिलं. बुवा शेजारच्या खोलीत पान लावत होते ते दारात येऊन थांबले आणि ती भीमपलासीतून निसटणारी जागा त्यांनी हळूच गुणगुणून पाहिली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा सापडली. मग आक्कांकडे बघून त्यांनी कानाला हात लावला.

अण्णा आले नाहीत. पाठदुखी म्हणाले.

जेवण गच्चीवर. झुणका, भाकरी, ठेचा, दही, शेवटी कुंदा. मेळातल्या दोघीजणी आपल्या थाळ्या पिशवीतून काढून जिन्याकडे निघाल्या, सवयीनेच. आमच्या घरमालकीण काकूंनी त्यांना हाक मारली आणि पंगतीत मधोमध पत्रावळी मांडल्या, वर दटावलं, "दोन-दोन भांडी घासायला मला वेळ नाही." मला १९२४ चं काँग्रेस अधिवेशन आठवलं. गांधीजी अध्यक्ष, जागा हीच, टिळकवाडी. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अजून आहे. तिथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल होत्या. गाण्याची भीती नव्हती, जेवणं झाल्यावर आपल्याला उष्टी जागा साफ करायला तर सांगणार नाहीत ना, अशी धास्ती होती, हे त्यांनी पुढे सांगितलं आहे. पुढे याच गंगूबाईंचा आवाज शस्त्रक्रियेनंतर भारी झाला आणि लोक विचारू लागले, हा बाईचा की बुवाचा? हा प्रश्न आमच्या सभेत आक्कांबद्दल येऊन गेलाय. गंगूबाईंच्या किराणा घराण्याने त्याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय.

२० फेब्रुवारी

छापखाना. फलक दोन्ही लिप्यांत. २०२४ पासून दुकानं-आस्थापनांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं, आमचा फलक त्या हिशेबात बसतो की नाही यावर छापखान्यात चर्चासत्र झालं. शेवटी मालकांनी फूटपट्टी घेतली, वरचा साठ टक्के भाग मापून रेघ मारली आणि म्हणाले, "खाली तुमचं राज्य." अक्षरं मात्र दोन्हीकडे तेवढ्याच जाडीची घेतली.

मोठा घोळ बिरुदांचा. बुवांना पंडित, गायिकेला कुमारी, मामांना सनईवादक श्री, आणि आक्कांना? श्री की श्रीमती? मी सगळ्यांचीच बिरुदं उडवली. नुसती नावं, गावं, वाद्यं. बुवांच्या शिष्याचा तासाभराने रागाचा फोन आला. बुवांचा आला नाही.

मानधन सगळ्यांना सारखं. यावर लिहिण्यासारखं काही नाही, खजिनदारांनी एका वाक्यात मान्य केलं. ज्यावर तीन सभा जातील असं वाटतं ते असं पटकन होतं.

३ मार्च

पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) परीक्षा, त्यामुळे सूर-सनईचा नातू नाही तरी त्याचा मोठा भाऊ अडकला. तालमी बंद. हॉलची पायरी मोजून आले: विंगेपासून गादीपर्यंत सपाट आहे, मागे मात्र दोन पायऱ्या. गायिका आदल्या दिवशी येऊन स्वतः चालून बघणार.

१५ मार्च

अण्णा आले, हातात कापडात गुंडाळलेली पेटी. एकाच सेटची, जुनी, भाता ठिगळ लावलेला. समोर ठेवली आणि म्हणाले, वाजव. पांढरी चार दाबली. ती पांढरी चार नव्हती.

महिनाभर बसून त्यांनी पेटीच्या आतली, सूर देणारी एकेक पितळी पट्टी (रीड) खरवडली आहे. पट्टीचं टोक खरवडलं की स्वर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. जरा जास्त झालं तर पट्टी कामातून जाते. तीन सप्तकांचे सगळे स्वर, प्रत्येक पाव-एक स्वर वर, आणि तेही एकमेकांशी जुळते राहतील असे. दोन पट्ट्या मोडल्या म्हणे, त्या दुसऱ्या मोडक्या पेटीतून घातल्या. पाठदुखी खरी होती.

मी विचारलं, आता ही पेटी दुसऱ्या कुणाला साथ करू शकेल का?

"कुणालाच न्हाई," अण्णा म्हणाले.

२९ मार्च

मैफल झाली. हॉल भरला, मागे उभं राहायला जागा नव्हती. मामांनी उभ्याने यमन वाजवला, नातवाचा सूर एकदा डगमगला, सावरला. वचनाला लोक शांत होते; टाळ्या पडायला वेळ लागला. निवेदन मी दोन्ही भाषांत केलं, आधी कानडी मग मराठी, पुढच्या कलाकाराला उलट. एकाने मध्यंतरात येऊन सांगितलं की एकाच भाषेत केलं तरी चाललं असतं, सगळ्यांना दोन्ही कळतात. कुठल्या भाषेत ते नाही सांगितलं.

आक्कांचा मेळ बुवांच्या भीमपलासीच्या लगेच नंतर ठेवला होता. मधे निवेदन नाही, फक्त तंबोरे पुन्हा जुळवले गेले, प्रेक्षकांसमोरच, चार-पाच मिनिटं. मागच्या रांगेत चुळबूळ झाली. एक पेटी गादीवरून बाजूला गेली आणि दुसरी पुढे आली. पहिल्या कडव्यानंतर अण्णांनी पेटीवर मधली जागा भरली तेव्हा आक्का गाता गाता वळून त्यांच्याकडे बघत्या झाल्या, आणि चौंडक्याची तार अशी काही खेचली की निपाणीच्या मुलीने ठेका दुप्पट केला. ठरलेलं नव्हतं ते. ती जागा आली तेव्हा बुवा विंगेतून मोठ्याने "क्या बात" म्हणाले, माइकमध्ये आलं.

शेवटी सोयराबाईंचा अभंग भैरवीत, सगळे मिळून. पट्टी बुवांची. त्यात आक्का नुसत्या टाळ धरून बसल्या.

२ एप्रिल

हिशेब. पतसंस्थांचे धनादेश आले, एक बाकी. पेटीच्या पट्ट्या आणि भात्याचं कातडं हा खर्च अण्णा सांगायलाच तयार नाहीत. खजिनदारांना तो "वाद्यदुरुस्ती"त घालायचाय, अण्णा म्हणतात दुरुस्ती कसली, चांगली पेटी बिघडवली आहे.

आक्कांशी बोलणं झालं. त्यांची तक्रार एकच, सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं बुवांच्या सुरात का? रास्त आहे. पुढच्या खेपेला शेवटचा अभंग आक्कांच्या पट्टीत. बुवांना विचारलं तर म्हणाले, "मला चढेल." मी म्हटलं, गायिकेला विचारते, तिला जमलं तर तुम्हीही बघा.

८ एप्रिलला, कुमारांच्या जन्मदिवशी, सुळेभावीत देवळाच्या कट्ट्यावर लहानशी बैठक करायची असं चाललंय. माइक नको, आक्का, गायिका आणि दोन्ही पेट्या. मामांना त्या दिवशी लग्नाची सुपारी आहे, ते नाहीत. निपाणीतल्या पुढच्या कार्यक्रमाची तारीख तिथले लोक यात्रा बघून कळवतो म्हणालेत. सतरंज्या काकूंकडून घ्यायच्या, टेम्पो सांगायचा, शिवणयंत्राचं स्टूल मामांच्या सुनेला परत द्यायचं. तिचे दोन ब्लाउज अडलेत.